अर्ध्या मिलिमीटरची मोजणी : सोनोग्राफीवर धमनीचा ताठरपणा कसा मोजायचा

गळ्यावर जेल लागलं की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, नस ब्लॉक आहे का जी?" नागपूरच्या धंतोलीत सोनोग्राफी करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर तोंडपाठ झालंय. "नस कडक झाली का?" असं मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. सोनोग्राफी करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी तो लिहिलाय, विशेषतः मेडिकल, मेयो, एम्स या इथल्या सरकारी रुग्णालयांमधल्या ज्या रेसिडेंटनी थिसिसला हा विषय उचललाय आणि आता प्रोब हातात घेऊन "सुरुवात कुठून करू" असं विचारताहेत त्यांच्यासाठी.

ब्लॉक म्हणजे धमनीच्या आतल्या अस्तरात चरबीचा थर साचून वाट अरुंद होणं. ताठरपणा म्हणजे वाट मोकळी असूनही भिंतीची लवचीकता जाणं. मोठ्या धमन्यांच्या भिंतीत इलास्टिन या लवचीक प्रथिनाचे तंतू असतात. ते आयुष्याच्या सुरुवातीच्या काळात तयार होतात आणि नंतर नव्यानं फारसे बनत नाहीत. मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाला लाखभर वेळा ही भिंत फुगते आणि बसते. वय, वाढलेलं बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांनी तंतू तुटत जातात, त्यांची जागा ताठ कोलॅजन घेतं, कुठे कॅल्शियम बसतं. गळ्यात एकही प्लाक (चरबीचा थर) नसलेल्या माणसाची धमनी ताठ असू शकते. म्हणून "ब्लॉक नाही" हे उत्तर खरं असूनही अपुरं असतं.

कूलरला पाणी भरायचा पाइप आठवा. नवा असताना नळ सोडला की तो हाताखाली फुगलेला जाणवतो. गच्चीवर दोन उन्हाळे तापून निघाला की नळ सोडताच धक्का थेट दुसऱ्या टोकाला. धमनीतही तेच होतं. भिंत जितकी ताठ, तितकी नाडीची लाट वेगानं धावते. १८७८ साली मोन्स आणि कोर्टेवेग या दोन डचांनी हा वेग आणि भिंतीचा कडकपणा यांचं नातं सूत्रात बांधलं. १९२२ साली ब्रॅमवेल आणि हिल यांनी तेच नातं दाब आणि आकारमान यांच्या भाषेत मांडलं. आपल्या कामाला हे दुसरं रूप जास्त सोयीचं, कारण सोनोग्राफीला धमनी फुगताना थेट दिसते.

सोनोग्राफीनं दोन गोष्टी मोजता येतात. एक, गळ्यातली कॅरोटिड धमनी एका ठोक्यात किती फुगते, म्हणजे त्या जागेचा ताठरपणा. दोन, गळ्यापासून जांघेपर्यंत लाट पोचायला किती वेळ लागतो, म्हणजे मुख्यतः महाधमनीचा ताठरपणा. पहिलीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण ती दिसायला सोपी आहे आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

फसगत का होते ते आकड्यातच पाहा. कॅरोटिडचा व्यास साधारण ६ ते ७ मिमी. ठोक्यागणिक तो वाढतो जेमतेम अर्धा मिमी, ताठ धमनीत त्याहूनही कमी. अख्खी परीक्षा या अर्ध्या मिलिमीटरची आहे. कर्सर ०.१ मिमी चुकला तर तुमच्या मोजणीचा पाचवा हिस्सा चुकला.

आधी खर्रा, मग प्रोब

मशीन सुरू करण्याआधीच निम्मी मोजणी बिघडलेली असू शकते. नियम ठरलेले आहेत. आधीचे ३ तास जेवण, चहा-कॉफी, तंबाखू नाही. आधीचे १० तास दारू नाही. शांत खोलीत आडवं पडून १० मिनिटं विश्रांती. मोजणीच्या वेळी बोलायचं नाही आणि झोपायचंही नाही.

हे कागदावर सोपं दिसतं, आपल्याकडे ते नागपुरी भाषेत विचारावं लागतं. "सिगारेट पिता का?" असं विचारलं की माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "नाही जी, आपण त्या वाटेलाच नाही." मग तुम्ही विचारा, "आणि खर्रा?" "तो तं चालूच राह्यते ना जी." गालात आत्ताही असतो! खर्रा म्हणजे सुपारीसोबत तंबाखू, आणि निकोटिन गालातून गेलं काय, फुप्फुसातून गेलं काय, नाडी आणि बीपी वर नेतंच. प्रश्नावलीत 'धूम्रपान' एवढाच रकाना असेल तर तो आजच खोडा आणि 'खर्रा, गुटखा, तपकीर, तंबाखू : शेवटचा कधी' असा रकाना करा. शब्द बदलून दोनदा विचारा.

नाश्त्याचंही तसंच. "उपाशी या" म्हटलं की लोक दिवसभर उपाशी येतात आणि चक्कर येते म्हणतात. "सकाळी तर्री-पोहे खायचे असतील तर आठच्या आत खा, अकराला या" असं सांगितलं की बरोबर कळतं. बीपीच्या गोळ्या बंद करायला सांगू नका. नेहमीच्या वेळी घ्यायच्या आणि वेळ लिहून ठेवायची.

उन्हाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना कामठीहून दुचाकीवर आलेल्या माणसाच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या सताड उघडलेल्या असतात, अंगातलं पाणी उतरलेलं असतं, नाडी धावत असते. त्याला १० मिनिटं पुरत नाहीत. मी अर्धा तास बसवते, पाणी देते, मग टेबलावर घेते. खोली २२ ते २४ अंशांवर ठेवते. डिसेंबरच्या सकाळी उलटा प्रकार, थंडीनं बीपी वर. त्यामुळे एकाच माणसाची मेमधली आणि डिसेंबरमधली मोजणी शेजारी ठेवून "सुधारणा झाली" म्हणण्याआधी दोन्ही वेळचं बीपी आणि नाडी नक्की पाहा. शक्यतो त्याच ऋतूत, त्याच वेळेला बोलवा.

नाडी अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर ही मोजणी करू नका. प्रत्येक ठोका वेगळा भरतो, सरासरीला अर्थ उरत नाही. नेमक्या मोजायच्या जागी प्लाक असेल तरी तेच.

बीपी : टेबलावरच, त्याच वेळी

माझ्या शिकाऊ दिवसांत मी तीस जणांच्या कॅरोटिडची रेकॉर्डिंग्ज मोठ्या कष्टानं घेतली होती. बीपी मात्र बाहेर काउंटरवर, आल्या आल्या घेतलं जायचं. माणूस दोन जिने चढून आलेला, फाइल सापडत नाही म्हणून चिडलेला. स्कॅन त्यानंतर पाऊण तासानं. एके दिवशी गंमत म्हणून एकाचं बीपी टेबलावर पुन्हा घेतलं. काउंटरवर १४८/८८ होतं, टेबलावर १२६/७८. तीसच्या तीस नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या, आणि दोष पूर्ण माझा होता.

त्या दोन बीपींनी काय फरक पडतो? वरच्या-खालच्या दाबातलं अंतर एकदा ६० मिमी पारा, एकदा ४८. व्यासाचे आकडे तेच ठेवले तरी पीटरसनचा इलास्टिक मॉड्युलस (ताठरपणाचा एक आकडा, हिशेब पुढे येईल) थेट २५ टक्क्यांनी बदलतो. धमनी तीच, ठोका तोच, कडकपणा चौथाईनं वाढला तो फक्त जिन्यामुळे.

म्हणून: दंडावर बांधायचं, तपासून प्रमाणित झालेलं डिजिटल यंत्र. कफ दंडाच्या मापाचा. पहिल्या भेटीत दोन्ही दंड, मग ज्या दंडात जास्त तो कायमचा ठरवायचा. कफ बांधलेलाच ठेवून स्कॅनच्या लगेच आधी एकदा आणि लगेच नंतर एकदा बीपी घ्यायचं, दोन्हींची सरासरी वापरायची. दोन रीडिंगमध्ये १० पेक्षा जास्त फरक असेल तर पेशंट अजून स्थिरावलेला नाही, पुन्हा थांबा. हा १० चा आकडा माझा, पुस्तकातला नव्हे.

एक मर्यादा इथेच लक्षात घ्या. दंडातला सिस्टोलिक दाब गळ्यातल्या दाबापेक्षा जास्त असतो, आणि तरुणांमध्ये हा फरक ठळक असतो. म्हणजे दंडाचं बीपी वापरून विशीतल्या मुलाची कॅरोटिड आहे त्याहून ताठ दिसते. टोनोमेट्रीची (कातडीवरून धमनीतला दाब टिपण्याची) सोय असेल तर गळ्याचा दाब वापरा. नसेल तर दंडाचा वापरा आणि तसं लिहा.

प्रोब कसा धरायचा

लिनियर प्रोब, ७ ते १२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. सोबत ईसीजीच्या तीन तारा. बऱ्याच सेंटरमध्ये मशीनसोबत आलेली ईसीजी केबल खोक्यातच पडून असते. ती शोधून काढा, तिच्याशिवाय हे काम अंदाजपंचे होतं.

पेशंट उताणा, उशी पातळ किंवा नाहीच, मान किंचित मागे, चेहरा पलीकडे ३० ते ४५ अंश. मान फार ताणली तर धमनी लांबीत खेचली जाते आणि मोजणी बदलते. मी नेहमी उजवी कॅरोटिड घेते. तुम्ही डावी घ्या हवं तर, पण मग सगळ्यांची डावी.

आधी आडवा छेद घेऊन गळ्याखालच्या हाडापासून (कॉलरबोन) वर सरका. गोल धमनी दिसेल, तिच्या वर किंवा बाजूला जुग्युलर शीर. वर जाता जाता धमनी जिथे रुंदावते तो बल्ब. प्लाक आहे का ते याच फेरीत बघून घ्या. मग प्रोब ९० अंशांत फिरवून उभा छेद. मोजायची जागा बल्ब सुरू होतो त्याच्या १ ते २ सेंमी खाली, कॉमन कॅरोटिडच्या सरळ भागात. बल्बवर मोजू नका, आणि दाबू तर अजिबात नका. तिथे दाबाची जाण असलेले मज्जातंतू आहेत, वयस्कर माणसाची नाडी एकदम मंदावून घेरी येऊ शकते.

हात हलका ठेवा म्हणून सगळेच सांगतात. किती हलका, हे जुग्युलर शिरेला विचारा. ती पडद्यावर उघडी, काळी, फुगलेली दिसतेय तोवर हात ठीक आहे. ती चपटी झाली की तुम्ही दाबताय, आणि तिच्याखालची धमनीही तो दाब खातेय. भरपूर जेल टाका, प्रोब जेलवर तरंगू द्या, करंगळी आणि मनगट पेशंटच्या छातीवर टेकवा. दहा मिनिटं हात अधांतरी धरून स्थिर राहत नाही.

आता धमनी पडद्यावर आडवी करा. प्रोबची एक कड किंचित दाबून, दुसरी सैल सोडून ती समतल येते. वरच्या आणि खालच्या, दोन्ही भिंतींवर थरांच्या कडांच्या त्या प्रसिद्ध दोन समांतर रेषा किमान १ सेंमी लांब, सलग दिसल्या पाहिजेत. त्या दिसतात तेव्हाच छेद धमनीच्या मध्यातून जातोय. एका भिंतीवर रेषा आहेत आणि दुसरीवर धूसर पट्टा आहे, याचा अर्थ तुम्ही कडेनं कापताय.

कडेनं कापलं तर काय होतं याचं गणित मी एकदा मांडून पाहिलं आणि चकित झाले. धमनी ६.४० वरून ६.८५ मिमी होते असं धरा. छेद मध्यापासून १ मिमी बाजूला गेला तर पडद्यावर ६.०८ वरून ६.५५ झालेली दिसेल. व्यास कमी दिसला हे अपेक्षितच, पण फुगणं ०.४५ ऐवजी ०.४७ दिसतं. म्हणजे व्यास लहान, फुगणं मोठं, आणि धमनी खोटीच मऊ! हाताची चूक नेहमी आजार वाढवूनच दाखवेल या भ्रमात राहू नका.

मशीनची बटणं थोडक्यात. डेप्थ ३ ते ४ सेंमी. फोकस एकच, खालच्या भिंतीवर. गेन इतका की धमनीची पोकळी स्वच्छ काळी राहील. गेन वाढवला की वरची भिंत पोकळीत सांडते. पर्सिस्टन्स बंद, कंपाउंडिंगही बंद. ही दोन्ही चित्र देखणं करतात, पण मागच्या फ्रेम किंवा वेगवेगळ्या कोनांचं मिश्रण दाखवतात, आणि आपल्याला तर हालचालच हवीय. चित्राची रुंदी कमी करून फ्रेम रेट वाढवा. नाडी ७५ असेल तर एक ठोका ०.८ सेकंदांचा. फ्रेम रेट ३० असेल तर त्या ठोक्याला मिळतात २४ फ्रेम, आणि धमनी सर्वांत फुगली तो क्षण दोन फ्रेमच्या मधे निसटू शकतो. एम-मोडमध्ये ही अडचण उरत नाही, तो एकाच रेषेवर सेकंदाला शेकडो वेळा पाहतो.

झूम नेहमी फ्रीझ करण्याआधी. नंतर केलेला झूम फक्त ठिपके मोठे करतो. ४ सेंमी खोली ६०० ठिपक्यांत मांडली तर एक ठिपका जवळपास ०.०७ मिमीचा. आधीच झूम करून दीड सेंमीच मांडली तर ०.०२५ मिमीचा. अर्धा मिमी मोजायला निघालेल्याला हा फरक लहान नाही.

श्वासाबद्दल. "श्वास धरा" म्हटलं की पेशंट छाती भरून घेतो आणि जोर लावून बसतो. जुग्युलर टम्म फुगते, छातीतला दाब वाढतो, सगळं बिघडतं. मी म्हणते, "काका, सावकाश सोडा... हां, आता तिथंच थांबा." नेहमीच्या श्वासाच्या शेवटी पाच-सहा ठोके मिळतात, तेवढे पुरतात.

कर्सर कुठे टेकवायचा

एम-मोडची रेषा दोन्ही भिंतींना काटकोनात. स्वीप स्पीड ५० ते १०० मिमी प्रति सेकंद. दोन भिंती लाटेसारख्या जवळ-दूर होताना दिसतील, खाली ईसीजी. धमनी सर्वांत लहान असते ती आर लाटेच्या आसपास, तिथे डायस्टोलिक व्यास घ्या. सर्वांत मोठी टी लाटेच्या आसपास, तिथे सिस्टोलिक.

पण कर्सर भिंतीच्या कोणत्या रेषेवर? आतल्या कडेवर, की बाहेरच्या, मीडिया-ॲडव्हेंटिशियाच्या (मधला आणि बाहेरचा थर जिथे भेटतात त्या) रेषेवर? दोन्ही पद्धती चालतात. मिसळ चालत नाही. कारण धमनी फुगते तेव्हा भिंत पातळ होते, भिंतीतला ऐवज तेवढाच राहतो. आतला व्यास ६.४० वरून ६.८५ होत असेल आणि भिंत ०.७ मिमी जाड असेल, तर बाहेरचा व्यास ७.८० वरून फक्त ८.१७ होतो. आतलं फुगणं ७ टक्के, बाहेरचं ५ टक्क्यांहून कमी. त्याच धमनीचा बीटा (ताठरपणाचा आकडा, हिशेब खाली) आतून मोजला तर ६.९, बाहेरून मोजला तर १० च्या वर! तेव्हा दोन प्रबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यांनी कोणती रेषा धरली ते वाचा.

मी आतली कड धरते. वरच्या भिंतीची आतली कड गेनवर हलते हे मला मान्य आहे, म्हणून गेन एकदा ठरवून सगळ्यांना तोच ठेवते. तुमच्या मशीनमध्ये रेडिओ-फ्रिक्वेन्सी सिग्नलवरून भिंतीचा माग काढणारं सॉफ्टवेअर असेल तर नशीब समजा. ते मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत हालचाल पकडतं आणि हाताचा पक्षपात काढून टाकतं. तरी छेद मध्यातून घ्यायचं काम तुमचंच राहतं.

प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये किमान तीन ठोके, आणि अशी तीन रेकॉर्डिंग्ज. दर वेळी प्रोब उचलून पुन्हा ठेवायचा. न उचलता घेतलेली तीन ही खरी एकच असते.

आता हिशेब. बीपी १३०/८०, डायस्टोलिक व्यास ६.४० मिमी, सिस्टोलिक ६.८५ मिमी.

स्ट्रेन म्हणजे फरक भागिले लहान व्यास. ०.४५ ÷ ६.४० = ०.०७०, म्हणजे ७ टक्के.

बीटा म्हणजे (सिस्टोलिक ÷ डायस्टोलिक दाब) याचा नैसर्गिक लॉग, भागिले स्ट्रेन. १३० ÷ ८० = १.६२५, त्याचा लॉग ०.४८६. भागिले ०.०७०३, उत्तर ६.९. कॅल्क्युलेटरवर दोन लॉग असतात. दहाच्या पायाचं बटण दाबलंत तर ३ येईल आणि साठीचा माणूस पाळण्यातला ठरेल.

पीटरसनचा मॉड्युलस म्हणजे दाबातलं अंतर गुणिले लहान व्यास, भागिले व्यासातला फरक. ५० × ६.४० ÷ ०.४५ = ७११ मिमी पारा. किलोपास्कलसाठी ०.१३३३ नं गुणा, ९५ च्या आसपास.

डिस्टेन्सिबिलिटीत (दाबामागे धमनी किती फुगते त्यात) व्यासाऐवजी क्षेत्रफळ धरतात. (२ × ६.४० × ०.४५ + ०.४५ चा वर्ग) ÷ (६.४० चा वर्ग × दाबातलं अंतर किलोपास्कलमध्ये). उत्तर ०.०२१८ प्रति किलोपास्कल. आणि इथे ब्रॅमवेल-हिल कामी येतात. रक्ताची घनता १०६० किलो प्रति घनमीटर धरून, १ ÷ (घनता × डिस्टेन्सिबिलिटी प्रति पास्कल) याचं वर्गमूळ काढलं की त्या जागचा लाटेचा वेग मिळतो, ६.६ मीटर प्रति सेकंद.

आता सिस्टोलिक कर्सर ०.१ मिमी अलीकडे-पलीकडे करा. ६.७५ वाचलं तर बीटा ८.९. ६.९५ वाचलं तर ५.६५. एकाच माणसाचे दोन निदान, कर्सरच्या एका हुकण्यात.

या सगळ्यांत कोणता आकडा वापरायचा? मी बीटा वापरते. धमनी दाबाखाली ताणली की आपोआप ताठ होते, त्यामुळे मॉड्युलस आणि डिस्टेन्सिबिलिटी त्या क्षणीच्या बीपीसोबत नाचतात. बीटात दाबाचा लॉग घेतल्यानं हे नाचणं बरंच कमी होतं. मघाच्या जिन्याच्या उदाहरणात मॉड्युलस २५ टक्क्यांनी बदलला, तर व्यास तेच धरून बीटा फक्त ६.८ चा ७.४ झाला.

गळा ते जांघ

लाटेचा वेग मोजायला साधा पल्स डॉप्लर (रक्ताचा प्रवाह टिपणारा मोड) आणि ईसीजी पुरतो. कॅरोटिडवर डॉप्लर लावा, स्वीप १०० मिमी प्रति सेकंद, आर लाटेपासून डॉप्लर लाटेच्या पायथ्यापर्यंतचा वेळ मोजा. मग जांघेत फिमोरल धमनीवर तेच करा. दोन वेळांतला फरक म्हणजे लाटेचा प्रवास. इथे वेग नव्हे, वेळ मोजतोय, म्हणून अँगल करेक्शनची डोकेदुखी नाही. पण वॉल फिल्टर (मंद हालचालीचे सिग्नल गाळणारी सेटिंग) अगदी कमी ठेवा. तो जास्त असेल तर लाटेचा पायथाच छाटला जातो आणि चढण उशिरा सुरू झाल्यासारखी दिसते. दोन्हीकडे तीच सेटिंग्ज. पायथा डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा चढणीला स्पर्शरेषा काढा, ती आधीच्या सपाट रेषेला जिथे छेदते तो बिंदू घ्या. दोन्हीकडे दहा-दहा ठोके, कारण ठोके वेगवेगळ्या वेळचे आहेत आणि नाडी मधे बदलू शकते. बदललीच असेल तर पुन्हा घ्या.

अंतर मोजताना टेप पोटावरून फिरवू नका. सावजीच्या रविवारांनी घडलेलं पोट मधे आलं की अंतर फुकट वाढतं आणि वेगही. दोन्ही जागांमधलं सरळ अंतर घ्या, मोठा कॅलिपर नसेल तर टेप शरीराच्या वर हवेत ताणून धरा. त्याला ०.८ नं गुणा. सरळ अंतर ५२ सेंमी असेल तर ०.४१६ मीटर. कॅरोटिडला ८८ मिलिसेकंद, फिमोरलला १४०, फरक ५२. ०.४१६ ÷ ०.०५२ = ८ मीटर प्रति सेकंद.

उच्च रक्तदाबाच्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत २००७ साली धोक्याची रेषा १२ होती. २०१२ साली तज्ज्ञांनी ०.८ चा गुणक आणून ती १० केली. धमन्या बदलल्या नाहीत, टेप बदलली. जुने संदर्भ वाचताना कोणतं अंतर धरलंय ते पाहिलं नाही तर इथे हमखास घोळ होतो.

जांघेची तपासणी आहे, तेव्हा पडदा, चादर, आणि बाई असेल तर सोबत बाई. आधीच नीट समजावून सांगा. घाबरलेल्या पेशंटची नाडी तुमचा सगळा विश्रांतीचा वेळ वाया घालवते.

इको करणारे मित्र महाधमनीचा व्यास झडपेच्या ३ सेंमी वर एम-मोडनं घेऊन हाच हिशेब मांडतात. तत्त्व तेच, सावधगिरी तीच. इलास्टोग्राफीबद्दल (अवयवाचा कडकपणा मोजणाऱ्या सोनोग्राफीबद्दल) मात्र दोन वाक्यं हवीत, कारण विचारणा फार होते. यकृतासाठीचं बटण दाबून कॅरोटिडवर आलेले किलोपास्कल रिपोर्टात लिहू नका. ते गणित जाड, एकसंध अवयवासाठी आहे, आणि धमनीची भिंत मिलिमीटरभरही नसते, त्यात लाट वेगळ्याच तऱ्हेनं धावते.

थिसिसवाल्यांना आणखी एक. काटोल-रामटेककडे शिबिर घेऊन पोर्टेबल मशीननं शंभर जण उरकू, असा बेत असेल तर आधी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्यांशी बोला. तुम्ही गळाच तपासताय हे खरं, पण मशीन सोनोग्राफीचं आहे आणि नोंदणी जागेची असते. डिकीत टाकून निघालात तर डेटा राहील बाजूला.

रिपोर्टात काय लिहायचं

माझ्या रिपोर्टात आकड्याआधी त्याची कुंडली असते: कोणती बाजू, बल्बपासून किती खाली, भिंतीची कोणती कड, किती ठोके, त्या वेळचं बीपी आणि नाडी, खोलीचं तापमान, मशीन. मग बीटा आणि लाटेचा वेग. 'तुमच्या धमनीचं वय ७०' असलं काही मी लिहीत नाही. गांधीबागेतल्या एका व्यापारी काकांना कुठल्याशा तपासणीत असं लिहून मिळालं होतं. त्यांनी सहा महिने दुकानाचा जिना चढणं सोडलं, म्हणजे जे करायला हवं होतं नेमकं तेच थांबवलं.

कॅरोटिडच्या बीटासाठी दुसऱ्या मशीनवरची, दुसऱ्या कडेची 'नॉर्मल' रेंज उसनी घेऊ नका. आपल्याच मशीनवर, आपल्याच हातानं, वेगवेगळ्या वयांच्या निरोगी माणसांचे आकडे आधी जमवा.

आणि त्याच्याही आधी एक आठवडा हे करा. डिपार्टमेंटमधला एक सहकारी पकडा. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी तीच वेळ, टपरीवर जाण्याआधी, त्याची उजवी कॅरोटिड मोजा. रोजचा आकडा लिहून पान दुमडून ठेवा, आदल्या दिवशीचा बघू नका. शुक्रवारी पान उघडा. पाच दिवसांत धमनी बदलत नाही, तेव्हा बीपी आणि नाडी रोज सारखीच असूनही आकड्यांत जो फरक दिसेल तो बहुतेक तुमच्या हाताचा. माझ्या पहिल्या आठवड्यात बीटा ५.८ पासून ८.१ पर्यंत भटकला होता. तिसऱ्या आठवड्यात हा फरक अर्ध्या अंकाच्या आत आला, तेव्हा मी पहिला पेशंट घेतला.